रिपोर्टमधला स्वतःचा कोड: ओलाव्याच्या कपातीपासून अक्षरी रुपयांपर्यंत

दसऱ्याच्या सुमारास धरणगाव, जामनेर, बोदवड या पट्ट्यातल्या जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या लागायला लागतात. पहिल्या वेचणीचा माल, त्यात परतीच्या पावसाची ओल. मीटर कापसात खुपसलं की आकडा येतो आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, हमीभावाने कापूस घेते तेव्हाही 8 टक्के ओलावा प्रमाण धरते, 8 ते 12 टक्क्यांदरम्यान त्या मानाने भाव कमी करते आणि 12 च्या वरचा माल घेत नाही. खासगी जिनिंगचे नियम थोडे इकडेतिकडे असतात, सांगाडा हाच.

हा नियम तोंडी सांगायला एक वाक्य पुरतं. कॉम्प्युटरवरून छापायच्या रिपोर्टमध्ये मात्र तो हिशेबपट्टीवर लिहावा लागतो, दिवसभराच्या खरेदीच्या यादीत लिहावा लागतो, गाववार बेरजेत लिहावा लागतो, शिवाय जास्त ओलाव्याची ओळ लाल दाखवायची तर रंगाच्या खान्यातही लिहावा लागतो. पुढच्या हंगामात शेठजींनी नियम बदलला की तीन ठिकाणी बदल होतो आणि चौथं राहून जातं. मग दोन कागदांवर दोन आकडे येतात आणि मुनीमजी विचारतात, ‘भाऊ, हाऊ आकडा कसा चुकना?’ रिपोर्टमध्ये स्वतःचा कोड लिहिण्याची जी सोय असते, तिचा खरा उपयोग या दुखण्यावर आहे.

मी इथे एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस, म्हणजे एसएसआरएस, धरून बोलतोय. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस आणि एसएसआरएस हे त्यातल्या माहितीचे रिपोर्ट बनवणारं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने ते 2004 साली एसक्यूएल सर्व्हर 2000 च्या जोडीला आणलं. आपल्याकडे जिनिंग, दाल मिल, पतसंस्था, सूतगिरण्या, जिथे जिथे एसक्यूएल सर्व्हरवर कुणी सॉफ्टवेअर बनवून दिलंय, तिथे छापील रिपोर्ट पुष्कळदा यातूनच निघतात.

एक्सप्रेशन म्हणजे काय

रिपोर्टमधल्या प्रत्येक चौकटीत एकतर साधा मजकूर असतो किंवा बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं सूत्र. या सूत्राला एक्सप्रेशन म्हणतात. एक्सेलमध्ये काम केलेल्याला ओळख लगेच पटते, फक्त इथली भाषा व्हिज्युअल बेसिक डॉट नेट आहे. नुसता आकडाच नव्हे, तर अक्षरांचा रंग, पार्श्वभूमी, ओळ दाखवायची की लपवायची, हेही एक्सप्रेशनने ठरवता येतं. कॉम्प्युटरवर हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं असतं; इथे वाचायला सोपं जावं म्हणून उच्चाराप्रमाणे लिहितो.

ओलाव्याचा नियम सरळ एक्सप्रेशनमध्ये लिहिला तर असा दिसतो:

=आयइफ(फील्ड्स!ओलावा.व्हॅल्यू <= 8, फील्ड्स!भाव.व्हॅल्यू, आयइफ(फील्ड्स!ओलावा.व्हॅल्यू <= 12, फील्ड्स!भाव.व्हॅल्यू * (1 - (फील्ड्स!ओलावा.व्हॅल्यू - 8) / 100), 0))

‘फील्ड्स!ओलावा.व्हॅल्यू’ म्हणजे त्या ओळीतला ओलाव्याचा आकडा. आयइफ म्हणजे ‘असं असेल तर हे, नसेल तर ते’. एकात एक दोन आयइफ आहेत तोवर डोळ्याला झेपतं. त्यात ‘सीसीआयचा माल असेल तर वेगळं’, ‘लांब धाग्याचा असेल तर वेगळं’ अशी भर पडली की शेवटी कंस मोजत बसावं लागतं.

यावरचा उपाय असा, की नियमाला एक नाव द्यायचं आणि तो एकाच जागी लिहायचा. रिपोर्टच्या हद्दीबाहेरच्या कोऱ्या भागावर राइट क्लिक करून ‘रिपोर्ट प्रॉपर्टीज’ उघडा, त्यात ‘कोड’ नावाचं पान आहे. तिथे हे लिहायचं:

पब्लिक फंक्शन ओलावाभाव(भाव अ‍ॅज ऑब्जेक्ट, ओलावा अ‍ॅज ऑब्जेक्ट) अ‍ॅज ऑब्जेक्ट
इफ इजनथिंग(भाव) ऑर इजनथिंग(ओलावा) देन रिटर्न नथिंग
इफ ओलावा > 12 देन रिटर्न नथिंग
इफ ओलावा <= 8 देन रिटर्न सीडेक(भाव)
रिटर्न सीडेक(भाव * (1 - (ओलावा - 8) / 100))
एंड फंक्शन

आणि चौकटीत एवढंच:

=कोड.ओलावाभाव(फील्ड्स!भाव.व्हॅल्यू, फील्ड्स!ओलावा.व्हॅल्यू)

सुरुवातीचा ‘कोड’ आणि त्यामागचा टिंब विसरायचा नाही. ते नसेल तर रिपोर्टला हे फंक्शन सापडत नाही. भाव 7,400 आणि ओलावा 10 टक्के असेल तर दोन टक्के, म्हणजे 148 रुपये कापून 7,252 मिळतात. नियम बदलला तर या रिपोर्टपुरती एकच जागा बदलायची.

एक मर्यादा आधीच लक्षात घ्या. या फंक्शनला डेटासेट, म्हणजे रिपोर्टसाठी डेटाबेसमधून आणलेली माहिती, दिसत नाही. तुम्ही कंसात जे हातात द्याल तेवढंच त्याला कळतं. पॅरामीटर, म्हणजे रिपोर्ट उघडताना निवडलेल्या किमती, मात्र त्याला आतून वाचता येतात, ‘रिपोर्ट.पॅरामीटर्स!हंगाम.व्हॅल्यू’ असं पूर्ण लिहून.

आयइफ दोन्ही बाजू मोजतं

कोड लिहिण्याचं दुसरं कारण नुसत्या सोयीचं नाही. रुईचा उतारा काढायचा आहे असं धरा: रुईचं वजन भागिले कापसाचं वजन, गुणिले शंभर. एखादा लॉट अजून जिनिंगला लागलाच नसेल तर कापूस शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. नवखा माणूस सावधगिरीने लिहितो, ‘कापूस शून्य असेल तर शून्य दाखव, नाहीतर भागाकार कर’. वाचायला बरोबर. तरीही चौकटीत ‘#एरर’ उमटतं.

कारण आयइफ हे एक साधं फंक्शन आहे. कुठल्याही फंक्शनला हाक मारण्याआधी त्याच्या कंसातल्या सगळ्या किमती काढल्या जातात, म्हणजे नको असलेला भागाकारही होतोच. अट नंतर तपासली जाते, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आकडे डेसिमल प्रकारचे, म्हणजे दशांश नेमके जपणारे, असतील तर ‘#एरर’ येतं. फ्लोट प्रकारचे, म्हणजे दशांश अंदाजे जपणारे, असतील तर चूक दिसतही नाही, भागाकार गपचूप होऊन जातो.

कोडमधलं ‘इफ… देन… एल्स’ असं वागत नाही. ज्या फाट्याला जायचं त्याच फाट्याला ते जातं, दुसऱ्याकडे बघतही नाही. म्हणून भागाकार असलेलं काहीही मी सरळ कोडमध्ये नेतो, ते एकाच चौकटीत लागणार असलं तरी.

याच वर्गातला दुसरा सापळा बेरजेचा. ‘माल सीसीआयला गेला असेल तर रक्कम, नाहीतर 0’ असं आयइफ लिहून त्याची ‘सम’, म्हणजे बेरीज, घेतली की पुन्हा ‘#एरर’. इथे शून्याने भागलेलं काही नाही. रक्कम डेसिमल आहे आणि तो हाताने लिहिलेला 0 इंटिजर, म्हणजे पूर्णांक, आणि एसएसआरएसला बेरजेत सगळे आकडे एकाच प्रकारचे लागतात. उपाय सोपा आहे, 0 ऐवजी ‘सीडेक(0)’, म्हणजे डेसिमल प्रकारचं शून्य. पण हे प्रत्येक चौकटीत आठवणीने लिहिण्यापेक्षा फंक्शनने नेहमी एकाच प्रकारचा आकडा परत द्यावा हे बरं. वरच्या फंक्शनमध्ये दोन्हीकडे ‘सीडेक’ दिसतंय ते त्याचसाठी.

तसंच 12 च्या वरच्या मालाला मी 0 न देता ‘नथिंग’ देतोय, म्हणजे काहीच नाही. शून्य दिलं तर सरासरी काढताना ते शून्यही मोजलं जातं आणि दिवसाचा सरासरी भाव उगाच खाली ओढला जातो. नथिंग असेल तर सरासरी ती ओळ सोडून देते. खरं सांगायचं तर भावांची नुसती सरासरी काढूच नये. एकूण रक्कम भागिले एकूण क्विंटल हाच खरा सरासरी भाव. दोन क्विंटलवाल्याचा आणि चाळीस क्विंटलवाल्याचा भाव एकाच मापाने मोजला तर शेठजींच्या मनातला आकडा आणि कागदावरचा आकडा कधीच जुळणार नाही.

दोन वर्षं

जिनिंगच्या हिशेबात दोन वर्षं एकदम चालतात. आयकराचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, कापसाचं वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर. 15 मे 2025 ही तारीख आर्थिक वर्षाने 2025-26 मध्ये येते, कापूस हंगामाने 2024-25 मध्ये. यासाठी दोन फंक्शनं लिहू नका. तारीख आणि सुरुवातीचा महिना घेणारं एकच लिहा: तारखेचा महिना सुरुवातीच्या महिन्याएवढा किंवा पुढचा असेल तर तेच साल, नाहीतर आधीचं. 4 दिला की आर्थिक वर्ष, 10 दिला की हंगाम. ते ग्रुपलाही लावता येतं, म्हणजे हंगामवार बेरीज आपोआप वेगळी पडते.

अक्षरी रुपये

आता ज्या कामासाठी खानदेशातच काय, देशभरात असा कस्टम कोड लिहिला जातो ते काम. 23.40 क्विंटल कापूस, भाव 7,252, रक्कम 1,69,696.80. खाली ओळ हवी: ‘अक्षरी रुपये एक लाख एकोणसत्तर हजार सहाशे शहाण्णव आणि ऐंशी पैसे फक्त’. एसएसआरएसमध्ये यासाठी तयार काही नाही.

इंटरनेटवर मिळणारे बरेच कोड इंग्रजीसाठी, आणि त्यातले पुष्कळ मिलियनवाले. ते उचलून मराठी शब्द भरले तर चालत नाही. इंग्रजीत वीसपुढे दशक आणि एकक जोडून काम भागतं. मराठीत सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. जोडणीचा एक नियम सगळ्यांना लागू पडत नाही. म्हणून नव्याण्णवच्या नव्याण्णव शब्दांची यादीच कोडमध्ये ठेवायची. सगळे शब्द उभ्या रेघेने जोडून एकच लांब ओळ लिहायची, सुरुवातीला एक रेघ जास्तीची द्यायची आणि ‘स्प्लिट’ने तोडायचं, मग शून्य क्रमांकावर रिकामी जागा येते, 1 वर ‘एक’, 96 वर ‘शहाण्णव’.

पुढचं गणित आपल्या मोजणीच्या चालीनेच जातं. रकमेला एक कोटीने भागायचं, भागाकार कोटी. उरलं त्याला एक लाखाने, मग हजाराने, मग शंभराने, आणि शेवटी जे उरेल ते थेट यादीतून. शेकड्यापुरती मराठी दयाळू आहे: एकशे, दोनशे, पाचशे, नऊशे, यादीतल्या शब्दाला ‘शे’ चिकटवलं की झालं. अपवाद एकच. नेमके शंभर असतील आणि पुढे काही नसेल तर ‘एकशे’ नको, ‘शंभर’ हवं. एवढी एक अट विसरलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात गेली तर तो हसतो आणि त्याचं बरोबर असतं. शंभर कोटींच्या वरच्या रकमा जिनिंगच्या पट्टीवर येत नाहीत. पतसंस्थेच्या ताळेबंदात येऊ शकतात. तिथे कोटींचा आकडा पुन्हा त्याच फंक्शनला द्यायचा, ते स्वतःलाच हाक मारतं.

भागाकाराचं चिन्ह इथे घात करतं. व्हिज्युअल बेसिकमध्ये सरळ तिरकी रेघ दशांशासह भागते आणि उलटी तिरकी रेघ फक्त पूर्ण भाग देते. 1,69,696 ला लाखाने सरळ रेघेने भागून ‘सीइंट’ने पूर्णांक केला तर 1.69 चे 2 होतात आणि पट्टीवर ‘दोन लाख’ छापून येतं. उलटी रेघ वापरा, बाकीसाठी ‘मॉड’.

पूर्णांक करण्याची अजून एक खोड आहे आणि ती वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. ‘मॅथ.राउंड’ नेमक्या अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं: 2.50 चे 2, पण 3.50 चे 4. ‘सीइंट’चंही तसंच. एसक्यूएल सर्व्हरचं ‘राउंड’ मात्र अर्ध्याला वर नेतं, शाळेत शिकवलं तसं. त्यामुळे डेटाबेसमधली रक्कम आणि रिपोर्टमधली रक्कम अधूनमधून एका रुपयाने वेगळी येते आणि जुळवणी करणारा वैतागतो. ‘मॅथ.राउंड’ला शेवटी ‘मिडपॉइंटराउंडिंग.अवेफ्रॉमझीरो’ असं सांगितलं की दोघांची चाल एक होते. पैशांसाठी डबल प्रकार (फ्लोटसारखाच) टाळा, डेसिमल घ्या; आणि शब्दांत उतरवण्याआधी दोन दशांशांपर्यंत राउंड करून घ्या.

रिपोर्टची फाइल आतून एक्सएमएल असते, त्यामुळे मराठी शब्द कोडमध्ये सरळ युनिकोडमध्ये लिहिता येतात. पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर कोडला दोष देऊ नका, रिपोर्ट सर्व्हरवर तो फॉन्ट आहे का ते बघा. लाखांचे स्वल्पविराम हवेत म्हणूनही कोड लिहू नका; चौकटीची भाषा भारतीय ठेवून नेहमीचा संख्येचा फॉरमॅट दिला की 1,69,696.80 असंच येतं.

आठवण ठेवणारा कोड नको

कोडच्या पानावर व्हेरिएबलही ठेवता येतात, आणि ते दिसलं की हात शिवशिवतात: प्रत्येक ओळीला फंक्शन बोलवायचं, आत बेरीज साठवत जायची, शेवटी दाखवायची. माझं मत यात स्पष्ट आहे. करू नका.

एसक्यूएल सर्व्हर 2008 पासून रिपोर्ट सगळा एकदम तयार होत नाही. जे पान बघायचं ते लागेल तसं तयार होतं. वापरणारा तिसऱ्या पानावरून परत पहिल्यावर आला, किंवा स्क्रीनवर बघून मग पीडीएफ काढली, तर चौकटी कुठल्या क्रमाने आणि किती वेळा मोजल्या जातील याची हमी नाही. साठवलेली बेरीज मधूनच शून्यापासून सुरू होते किंवा फुगते. स्क्रीनवर एक, कागदावर दुसरंच.

ते टिकावं म्हणून व्हेरिएबलला ‘शेअर्ड’ लावण्याचा सल्ला मिळतो, तो त्याहून वाईट. शेअर्ड व्हेरिएबल रिपोर्ट सर्व्हरच्या त्या प्रोसेसमध्ये सगळ्यांना मिळून एकच असतं. जळगावच्या ऑफिसात आणि चोपड्याच्या शाखेत एकाच वेळी दोघांनी तोच रिपोर्ट उघडला, तर एकाची बेरीज दुसऱ्याच्या कागदावर जाऊ शकते. एकट्याने तपासताना हे कधीच दिसत नाही. चालू बेरजेसाठी ‘रनिंगव्हॅल्यू’, ओळ क्रमांकासाठी ‘रोनंबर’ ही फंक्शनं तयार आहेत, ती वापरा. न बदलणारी यादी, जसे ते नव्याण्णव शब्द, ठेवायला हरकत नाही. कुणी त्यात लिहीत नाही.

नियम रिपोर्टमध्ये असावाच का?

आता वरच्या ओलाव्याच्या फंक्शनवर मीच शंका घेतो. समजा या हंगामात शेठजींनी ठरवलं, 8 ऐवजी 9 टक्क्यांपर्यंत कपात नाही. कोडमध्ये 8 चा 9 केला. मार्चमध्ये लेखापरीक्षकाने मागच्या हंगामाची हिशेबपट्टी पुन्हा मागितली. रिपोर्ट तोच, कोड नवा. जुन्या पट्टीवर वेगळीच रक्कम छापली जाईल, जी शेतकऱ्याला कधी दिलीच नव्हती.

म्हणून प्रत्यक्ष चुकती झालेली रक्कम टेबलमध्ये साठवलेली असावी आणि रिपोर्टने ती जशीच्या तशी वाचावी. कपातीचा नियम कोडमध्ये ठेवायचा तो अंदाजासाठी: आजचा न मोजलेला माल किती पडेल, ओलावा दोन टक्क्यांनी उतरला तर काय फरक पडेल, कुठली ओळ लाल करायची. काट्यावरचं सॉफ्टवेअर आणि रिपोर्ट दोघांनाही तोच नियम लागत असेल, तर त्याची जागा डेटाबेसमध्ये, हंगामाच्या तारखांसकट एका टेबलात आहे. अक्षरी रुपये, वर्षाचं नाव, रंग, गाठींचं रूपांतर (170 किलोची एक गाठ, 356 किलोच्या आसपास एक खंडी) ही मंडळी दाखवण्याच्या बाजूची. ती रिपोर्टच्या कोडमध्ये सुखाने राहतात.

राहतात, पण प्रत्येक रिपोर्टमध्ये वेगळी प्रत होऊन. एका रिपोर्टचा कोड दुसऱ्याला दिसत नाही. तेच फंक्शन बऱ्याच रिपोर्टना लागत असेल तर ते डीएलएल (कोडची वेगळी तयार फाइल) करून रिपोर्ट सर्व्हरच्या बिन फोल्डरमध्ये ठेवायचं आणि रिपोर्ट प्रॉपर्टीजमधल्या ‘रेफरन्सेस’मध्ये त्याचं नाव द्यायचं, हा रस्ता आहे. त्यासाठी सर्व्हरवर हात टाकायची मुभा लागते, आणि कोडने फाइल किंवा डेटाबेस उघडायचा असेल तर परवानग्यांच्या कॉन्फिग फाइलीतही बदल करावा लागतो. कोडच्या पानावर लिहिलेल्या फंक्शनला या गोष्टी करायची परवानगी मुळातच नसते, ते फक्त हिशेब करतं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रिपोर्ट असतील तर डीएलएलच्या भानगडीत न पडता कोड एका टेक्स्ट फाइलीत जपून ठेवणं आणि तिथून चिकटवणं पुरतं.

चूक शोधताना

कोडचं पान म्हणजे कोरी पाटी. शब्दांना रंग नाहीत, सूचना नाहीत, थांबून बघायची सोय नाही. मोठं फंक्शन असेल तर व्हिज्युअल स्टुडिओमध्ये व्हिज्युअल बेसिकचा छोटा कन्सोल प्रकल्प उघडून तिथे लिहा, 0, 100, 101, 1,00,000, 99,99,999.99 आणि रिकामी किंमत देऊन बघा, मग इकडे आणा. व्याकरणाची चूक असेल तर रिपोर्ट बनतानाच ओळ क्रमांकासह संदेश येतो. मोजणी शून्यापासून असते, म्हणजे ‘ओळ 0’ ही पहिली ओळ. चालतानाची चूक असेल तर चौकटीत फक्त ‘#एरर’ दिसतं, कारण दिसत नाही. ते व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रीव्ह्यूमध्ये खालच्या आउटपुट खिडकीत इशारा म्हणून लिहिलेलं असतं, चौकटीच्या नावासकट. म्हणून चौकटींना ‘टेक्स्टबॉक्स 147’ असं राहू न देता ‘निव्वळरक्कम’, ‘उतारा’ अशी नावं द्या.

एसक्यूएल सर्व्हर 2025 सोबत एसएसआरएसची नवी आवृत्ती आलेली नाही. स्वतःच्या सर्व्हरवर रिपोर्ट चालवायचे तर मायक्रोसॉफ्टने आता पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरची वाट दाखवली आहे. त्यातल्या पेजिनेटेड, म्हणजे पानापानांनी छापायच्या, रिपोर्टची फाइल तीच, आरडीएल नावाची. कोडचं पानही तिच्यातच असतं, त्यामुळे आज लिहिलेलं अक्षरी रुपयांचं फंक्शन फाइलीबरोबर तिकडे जातं. डीएलएल मात्र नव्या सर्व्हरवर हाताने नेऊन ठेवावी लागते.